आपोआप उघडणारं भिंग

सकाळी त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, चहाचा पहिला घोट घेतला आणि पडद्यावर अख्खा एक ‘पं’ उभा राहिला. दुकानाच्या पाटीवर असतो तेवढा. अनुस्वार बशीएवढा. त्यानं माउस हलवला तसं पडद्यावरचं सगळं जगच डावीकडे घसरलं. ‘पं’ गेला, त्याच्यामागून तेवढाच अजस्र ‘प’ आला, मग नुसतीच निळी भिंत. ‘पंप’ हे त्याच्याच फोल्डरचं नाव होतं. रोज डोळ्यांखालून जाणारं, कधीही नीट न बघितलेलं. आज ते असं अंगावर आल्यावर त्याला क्षणभर त्यातलं काहीच ओळखू येईना, आणि आपल्याला काही ओळखू न येणं ही गोष्ट त्याला मुळीच सहन होत नसे. मग कोपऱ्यात एक चिमुकली खिडकी दिसली. अधिकचं चिन्ह, उण्याचं चिन्ह, आणि भिंगाचं चित्र. त्यानं ती बंद केली. जग पुन्हा आपल्या मापात आलं. कुणाचा तरी मूर्खपणा, असं त्याच्या मनात आलं. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याच्या मनात पहिल्यांदा हेच येई, आणि ते सहसा चुकत नाही याचा त्याला अभिमान होता.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो माहितीपुस्तिका लिहीत असे. खोक्यात पंपाच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली जी पुस्तिका लोक खोक्याबरोबर फेकून देतात, ती. ऑफिसात फार गलका असतो म्हणून सकाळचं काम घरी बसून करायची परवानगी त्यानं भांडून मिळवली होती. ‘पंप सुरू होत नसल्यास प्रथम प्लग लावला असल्याची खात्री करावी.’ हे वाक्य त्याचं होतं. ते जिच्यासाठी लिहावं लागतं त्या माणसांच्या जातीबद्दल त्याला मनापासून तुच्छता वाटे. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी तीन रकान्यांचा तक्ता: बिघाड, संभाव्य कारण, उपाय. कंपनीतल्या इंजिनियरांना एक सरळ वाक्य लिहिता येत नव्हतं, आणि पंप विकत घेणाऱ्यांना एक सरळ वाक्य वाचता येत नव्हतं. आपण या दोघांच्या मधोमध बसलो आहोत, दोन बहिऱ्यांमध्ये एकटेच बोलत, असं त्याला वाटे. तक्त्यात बसत नाही अशी गोष्ट जगात नसते. बसत नसेल तर ती कुणीतरी नीट सांगितलेली नसते, इतकंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पं’. तो जोरात ‘च्यायला’ म्हणाला तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओले हात पदराला पुसत तिनं विचारलं, “काय झालं रे?”

“काही नाही. तुझ्या कामाचं नाही.”

“बंद पडलाय का?”

“बंद पडला असता तर बरं. नको तेव्हा नको ते उघडतंय. तुमच्याकडच्या लोकांसारखं.”

ती आत वळली. पूर्वी बोलली असती. लग्नाआधी ती हसायचीसुद्धा. वसतिगृहात असताना तो वडलांना पत्र लिही, आणि वडील उत्तर न लिहिता तेच पत्र लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवत. खुशाली नाही, आशीर्वाद नाही, खाली फक्त ‘पाहिले’ आणि सही. वर्गातल्या मुलांना तो ती पत्रं दाखवायचा. मुलं हळहळायची आणि त्याला त्यांची कीव यायची. बापानं आपल्याकडे इतक्या बारकाईनं बघावं असं भाग्य त्यांच्यापैकी कुणाचं होतं? पुढं हिचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यानंही ते सुधारून परत पाठवलं. ती हसली होती. मैत्रिणींना दाखवत सुटली होती. भूगोल शिकवणाऱ्या मुलीनं ‘समुद्रकिनारा’ चुकवावा म्हणजे काय, असं त्यानं समासात लिहिलं होतं. तेव्हा तिचे डोळे मोठे होते, आणि हसली की त्यांत पाणी यायचं.

आता ती शाळेत जात नव्हती. निवृत्तीला अवकाश असताना गेल्या वर्षी एके दिवशी घरी येऊन म्हणाली, सोडली. का? कंटाळा आला. त्यानं त्या संध्याकाळी तिला बराच वेळ ऐकवलं होतं. कंटाळा हे कारण नसतं, लक्षण असतं. माणसाच्या डोक्यात काही शिल्लक नसलं की त्याला कंटाळा येतो. ती खुर्चीच्या हातावरचा दोरा उसवत बसली होती. आणि त्याचं म्हणणं पुढं खरंच ठरत गेलं. रिकामं घर, रिकामं डोकं. स्कूटर चालवायची सोडली, म्हणे रस्त्यावर गर्दी फार. चहा बशीत सांडू लागला. शर्टाच्या कॉलरीचे डाग इस्त्रीसकट तसेच राहू लागले. भर रस्त्यात त्याचा साहेब समोरून आला, हसला, हात वर केला, आणि ही बाई दगडासारखी शेजारून निघून गेली. साहेबानं हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. घरी आल्यावर त्यानं तिला विचारलं की माणसांकडे बघायला काय तिकीट लागतं का? “लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. त्यानं मनातल्या तक्त्यात तिला केव्हाच बसवून टाकलं होतं. बिघाड: वेंधळेपणा. कारण: आळस. उपायाचा रकाना त्यानं कोराच ठेवला होता, कारण काही यंत्रं दुरुस्त करण्यात अर्थ नसतो.

शिवाय दर गुरुवारी तिचा धाकटा भाऊ तिला न्यायला यायचा. या मेव्हण्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. गाडीच्या टपावर पाटी आणि शिकणाऱ्याच्या शेजारीही एक ब्रेक. स्वतःला काही येत नसलं की माणूस शिकवायला लागतो, हे मेव्हण्याकडे बघून त्याला पटलं होतं. मेव्हण्याचं एक पेटंट वाक्य होतं, ‘होऊन जाईल.’ गाडी बंद पडली, होऊन जाईल. तब्येत बरी नाही, होऊन जाईल. म्हणून मनातल्या मनात तो त्याला ‘होऊनजाईल’च म्हणायचा. हा होऊनजाईल खालून हॉर्न वाजवायचा, बायको जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायची, जणू राणीसाहेब, आणि संध्याकाळी परत यायची ती डोळे लाल करून. भावाच्या घरी बसून मालिका बघायच्या आणि मुळूमुळू रडायचं, असा त्याचा अंदाज होता. “आज कोण मेलं मालिकेत?” तो विचारायचा. “कुणी नाही,” म्हणत ती खोलीतला दिवा घालवून पडून राहायची.

तर भिंग. त्यानं ते प्रकरण रीतसर हातात घेतलं. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय उघडतं याची एक यादी असते, ती त्यानं काढली, आणि ती बघून त्याला किळस आली. बिनबोलावता येणाऱ्या पाहुण्यांची रांगच. गाणी ऐकवणारा एक प्रोग्रॅम, गप्पा मारणारा एक, आपण स्वतःला अद्ययावत करू का असं रोज विचारणारा एक भिकारडा, छपाईयंत्राबरोबर आलेला आणि छपाईयंत्र भंगारात गेल्यावरही न गेलेला एक. या सगळ्यांना हक्कानं आत घेऊन बसवणारा माणूस आपण स्वतःच असलं पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं, पण तिथं तो फार रेंगाळला नाही. एकेकाला त्यानं हाकललं. पुन्हा सुरू केला. ‘पं’. त्यानं व्हायरस शोधले. ‘पं’. त्यानं कीबोर्ड उलटा करून झटकला, एखादी कळ अडकली असेल म्हणून. पावाचा चुरा आणि एक वाळकी मुंगी पडली. ‘पं’. आंतरजालावर त्यानं शोधलं, तर त्याच्यासारखेच दहा देशांतले त्रासलेले लोक एकमेकांना मूर्ख म्हणत होते. त्यांच्यात एकानं लिहिलं होतं, सुलभतेच्या पानावर जाऊन बघा. सुलभता! ते पान त्याला माहीत होतं. सेटिंगमध्ये खाली कुठंतरी असतं, आंधळ्या-बहिऱ्यांसाठी, थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांसाठी. ते आपल्यासाठी नाही म्हणून इतक्या वर्षांत त्यानं ते एकदाही उघडलं नव्हतं. आता उघडलं. ‘साइन-इन झाल्यावर भिंग सुरू करा.’ पुढच्या चौकोनात बरोबरची खूण. सरळ, ठसठशीत, कुणीतरी जाणूनबुजून केल्यासारखी.

त्यानं ती काढली. हात झटकून तो ऑफिसला गेला आणि दिवसभर प्रसन्न होता. इतका, की एका इंजिनियरचं वाक्य दुरुस्त करताना त्यानं त्याला फक्त गाढव म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पं’. चौकोनात बरोबरची खूण. त्यानं काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता मात्र त्याला काहीतरी अस्वस्थ वाटू लागलं. रात्रीतून यंत्र आपलं मत बदलतं, ही कल्पनाच घाणेरडी होती. यंत्राला मत नसतं म्हणून तर त्याला यंत्रं आवडायची. ऑफिसात बसल्या बसल्याही तो चौकोन त्याच्या डोळ्यांपुढे येई. कुणीतरी आपल्या पाठीमागे हसतं आहे आणि वळून बघावं तर भिंत, असं काहीसं. तो वळून बघायचा. इंजिनियर लोक माना खाली घालून काम करत असायचे. त्यांच्या टकलांचासुद्धा त्याला राग यायचा.

शेवटी अडला हरी म्हणून त्यानं कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा कॉम्प्युटरवाला बायकोचा जुना विद्यार्थी. कोपऱ्यावर दुकान, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंडात सदा ‘रीस्टार्ट करून बघितलं का?’ बायकोला तो ‘बाई’ म्हणायचा आणि याला ‘काका’. एवढ्यावरूनच त्याची अक्कल कळावी.

“काका, रीस्टार्ट करून बघितलं का?”

“रीस्टार्ट केल्यावरच तर होतंय. तुला हेच सांगतोय मघापासून.”

कॉम्प्युटरवाल्यानं पडद्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात बायको उभी होती.

“अपडेट आलं असेल काका,” तो कान खाजवत म्हणाला.

“कसलं अपडेट?”

“म्हणजे... हल्ली असं खूप जणांचं होतंय. हवेत ओल वाढली की पण होतं.”

“ओल? खूण आपोआप लागते, ओलीनं?”

“ठेवा ना काका राहू दे. सकाळी एकदा बंद करायचं. एक क्लिक तर आहे. त्याचं काय तुम्हाला एवढं?”

“तुम्हाला काय शिकवलं शाळेत?” तो म्हणाला आणि बायकोकडे बघून पुढं म्हणाला, “हिचाच ना तू विद्यार्थी? तरीच.”

बायको म्हणाली, “चहा घेऊन जा रे,” आणि आत गेली. आतून कपबशी फुटल्याचा आवाज आला. कॉम्प्युटरवाला ताडकन उठला आणि विचारल्याशिवाय आत गेला. काचा गोळा करताना दोघं काही हळू बोलत होती. पालथ्या घड्यावर पाणी, त्यानं मनात म्हटलं. एक कपबशा फोडणार, दुसरा हवेतली ओल मोजणार.

त्याच दिवशी त्यानं तो प्रोग्रॅम मुळातून मारला. त्याच्या फाइलचे सगळे हक्क काढून घेतले, नाव बदललं, आणि तिला अशा ठिकाणी नेऊन पुरलं की यंत्रालाही सापडू नये. आता खूण लाव नाहीतर तोरण लाव. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला आणि सगळं आपल्या मापात, आपल्या जागी. ‘पंप’ फोल्डर पुन्हा न बघण्याइतकं लहान झालं होतं. तो बायकोला म्हणाला, “संपवलं.” ती म्हणाली, “काय?” “तुझ्या कामाचं नाही म्हटलं ना.” तिनं मान हलवली. तिचा हात टेबलावरून साखरेचा डबा शोधत होता आणि डबा तिच्या समोर होता. वेंधळी, तो मनात म्हणाला आणि डबा तिच्याकडे ढकललासुद्धा नाही. मिळतो का बघूया, असं त्याला वाटलं. मिळाला.

त्या दुपारी ऑफिसच्या इमारतीतली वीज गेली आणि साहेबानं सगळ्यांना घरी सोडलं. भर दुपारी घरी येण्याची त्याला सवय नव्हती. जिन्यात निराळं ऊन होतं, शेजाऱ्यांच्या दारांतून निराळे आवाज. आपण नसताना ही इमारत आपल्या परवानगीशिवाय चालू असते, हे त्याला थोडं आगाऊपणाचं वाटलं. त्यानं किल्लीनं दार उघडलं.

बायको त्याच्या खुर्चीत, त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्याला तिचं नाक जवळजवळ टेकलं होतं. चेहरा समोर नव्हता. कोंबडी दाण्याकडे बघते तसा एका बाजूला कलवलेला, आणि पडद्याच्या उजेडात एक डोळा काचेवरून इंचाइंचानं सरकत होता. पडद्यावर नकाशा होता. कुठलासा किनारा, खाड्या, बेटं, आणि त्यांवर मुंगीएवढी नावं. ती एका बोटानं तो किनारा चाचपत होती आणि पुटपुटत होती. मग चिडून तिनं कीबोर्डवर काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा. काही उघडलं नाही. तिनं कपाळ काचेला टेकवलं आणि तशीच राहिली.

त्याला हसू येणार होतं. ‘काय चाटतेस का पडदा?’ हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, उत्तम, मोजकं. तेवढ्यात तिनं दाराकडे मान वळवली आणि म्हणाली,

“कोण?”

तो दारातच होता. मागून उजेड, पण काही अंधार नव्हता. चार पावलांवर. तिचं तोंड त्याच्याकडे होतं आणि डोळे त्याच्या कानाच्या बाजूला कुठंतरी, भिंतीवर.

“कोण आहे?” तिनं पुन्हा विचारलं. आता वर्गातल्या आवाजात. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात आवळलेला त्याला दिसला.

“मी,” तो म्हणाला.

“अरे,” ती म्हणाली. “घाबरवलंस की.”

खाली कुणीतरी बादली आपटली. तो तिच्याकडे बघत होता, आणि तीन रकाने त्याच्या डोक्यात आपोआप उघडले आणि आपोआप भरत चालले. साहेब, चहा, स्कूटर, इस्त्री, जिन्याचा कठडा, लाल डोळे, हातानं शोधलेला डबा. किती नीट बसत होतं सगळं. इतकं नीट, की आपल्याला हे दिसलं नाही म्हणजे आपण कोण, असा एक प्रश्न मागं उरला. तो त्यानं झटकला आणि पहिल्यांदा जे हाताला लागलं ते उचललं, म्हणजे राग.

“कधीपासून?”

“शाळा सोडायच्या आधीपासून. फळ्यावरचं दिसायचं नाही असं नाही, वह्या तपासता येईनात. जिथं बघावं तिथंच मधोमध डाग. बाजूचं दिसतं. तेही चुरगळलेल्या पडद्यामागून बघितल्यासारखं.”

“डॉक्टर?”

“दर गुरुवारी नाही जात, काही गुरुवारी जाते. डोळ्यात इंजेक्शन देतात. बाकीच्या गुरुवारी वहिनीकडे पडून राहते.”

“डोळ्यात?” त्याच्या तोंडून निघालं. “दुखतं?”

“सुरुवातीला भीती वाटायची. आता सुईच धड दिसत नाही,” ती म्हणाली आणि हसली. “बरं पडतं.”

“तुझ्या भावाला माहीत आहे.”

“तोच नेतो.”

“आपल्या मुलीला?”

“तिला फोनवर सांगितलं.”

“आणि त्या किल्लीवाल्या गाढवाला?”

“त्यानंच भिंग लावून दिलं. मला ते उघडायचं सापडायचं नाही ना बारीक चित्रांतून, म्हणून आपोआप उघडेल असं करून दिलं. तू खूण काढायचास, मी दुपारी त्याला फोन करायची. तो सांगायचा, मी परत लावायची.” ती थांबली. “आज काही केल्या उघडेना.”

“मीच मारलं ते.”

“हं. मला वाटलंच.”

पडद्यावर किनारा तसाच होता. ती म्हणाली, “नकाशे बघून घेतेय. इतकी वर्षं शिकवले, पण एकदाही सावकाश बघितले नव्हते. आठवड्याला एक किनारा. भिंगातून मोठा केला की नदीच्या मुखाशी गाळ कसा साचलाय तेसुद्धा दिसतं. तेवढं डोक्यात राहील.”

“सगळ्यांना सांगितलंस,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला आवडला नाही. “मला का नाही?”

तिनं थोडा विचार केला. खोटं सांगायचं की खरं, याचा नसावा. नेमके शब्द शोधत असावी.

“तुला सांगितलं असतं तर तू मला समजावून सांगितलं असतंस,” ती म्हणाली.

त्याच्याकडे चांगली दोन-तीन उत्तरं होती, पण ती सगळी समजावून सांगणारीच होती.

फाइल परत जागेवर आणायला त्याला संध्याकाळ लागली आणि तरीही जमलं नाही. हक्क काढून घेणं सोपं होतं. परत देताना यंत्र म्हणत होतं की तुम्हाला तसा अधिकार नाही. अखेर कॉम्प्युटरवाला आला. त्यालाही ते सहजी जमेना. घाम पुसत, जीभ बाहेर काढून, निम्मं चुकत, तो खटपट करत राहिला. शेवटी कंटाळून त्यानं दुकानातून दुसरं भिंग आणून घातलं, पहिल्यापेक्षा ओबडधोबड. कॉम्प्युटरवर बायकोच्या नावाचं वेगळं खातं काढून दिलं, म्हणजे तिचं तिला उघडेल आणि याचं याला. एवढी साधी गोष्ट गाढवाला आधी सुचली नव्हती. यालाही सुचली नव्हती.

“खोटं का बोललास मला?” यानं जिन्यात गाठून विचारलं.

“बाई म्हणाल्या होत्या, नको सांगू.”

“आणि तू ऐकलंस?”

“बाईंचं कोण ऐकत नाही काका?” तो खरंच आश्चर्यानं म्हणाला, आणि किल्ल्या वाजवत उतरून गेला.

गुरुवारी तो म्हणाला, मी येतो. बायको म्हणाली, ये. होऊनजाईलच्या गाडीत तो मागं बसला. पुढं ती दोघं. मेव्हणा गाडी चालवता चालवता तिला सांगत होता: डावीकडे लाल बस, चौकात एक लठ्ठ बाई तीन कुत्र्यांना ओढतेय, नाही, कुत्रीच तिला ओढतायत. बायको हसत होती, पाठ सीटला टेकून, मोठ्यानं. कुत्री दोन होती. त्याच्या ओठांवर आलं होतं. तो खिडकीबाहेर बघत बसला. दवाखान्यात सगळे तिला ओळखत होते. रांगेत एक आजोबा सरकून जागा देत म्हणाले, “या बाई, आज कुठला देश?” आणि ती त्यांना त्या आठवड्याचा किनारा सांगू लागली. वारा कुठून येतो, मासे कुठं मिळतात. आसपासचे पाच-सहा अर्धे-आंधळे लोक माना कलवून ऐकत होते. घरात इतक्या वर्षांत तिनं त्याला एकही किनारा सांगितला नव्हता. सांगितला असेल तर त्यानं उच्चार दुरुस्त केला असेल.

नर्स बाहेर आली. मेव्हण्याला म्हणाली, “चला, पेशंटबरोबर कोण येतंय, रोजच्यासारखे तुम्हीच ना?” मेव्हणा याच्याकडे बघत म्हणाला, “आज हे आलेत. मिस्टर.” “अय्या,” नर्स म्हणाली, “मला वाटलं...” काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. आत डॉक्टर होती, मुलीच्या वयाची. तिनं त्याला भिंतीवरचं एक चित्र दाखवलं: एक चेहरा, आणि मधोमध करडा डाग, कान आणि केस तेवढे नीट. “असं दिसतं त्यांना,” ती म्हणाली. “हे वाढू नये म्हणून इंजेक्शन. गेलेलं परत येत नाही.” तिच्या एका वाक्यात क्रियापदच नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याच वेळी आपल्याला ते ध्यानात आलं याची त्याला शिसारी आली. बाहेर थांबायला सांगितल्यावर तो थांबला. दाराला काच होती, पण ती दुधी होती.

इंजेक्शन झाल्यावर एका डोळ्यावर पट्टी बांधून ती बाहेर आली. मेव्हणा गाडी काढायला गेला. दोघं पायऱ्यांवर उभी राहिली. तिनं त्याच्या दंडाला धरलं नाही. कठड्याला धरलं.

“माझा चेहरा दिसतो का तुला?” त्यानं विचारलं.

“समोरून नाही. कडेनं बघितलं तर थोडा. कान, केस. केस पांढरे झालेत का रे सगळे?”

“झालेत.”

“मला वाटलंच.” मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे तोंड करून, कसलाही राग नसलेल्या आवाजात ती म्हणाली, “खरं सांगू? सगळ्यात आधी तुझा ओठ गेला. मी काही बोलले की तुझा वरचा ओठ डाव्या बाजूनं असा वर जायचा बघ. लग्न झाल्यापासून. तो दिसेना झाला. मी पहिल्यांदा घाबरले, डॉक्टरकडे गेले, सगळं केलं. पण एक दिवस लक्षात आलं की मी तुझ्याशी बोलताना आता मधेच थांबत नाही. वाक्य पुरं करते. त्या एका गोष्टीचं मला फार बरं वाटलं.”

गाडी आली. मेव्हण्यानं उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं, तिचं डोकं लागू नये म्हणून वर हात धरला, आणि म्हणाला, “झालं ना ताई? आता काही नाही, आठवड्याभरात होऊन जाईल बघ सगळं स्वच्छ.” डॉक्टर आत्ताच सांगून गेली होती की गेलेलं परत येत नाही. आणि हा मूर्ख. त्याला जाणवलं की वरच्या ओठाची डावी बाजू वर चालली आहे. तो काही करत नव्हता. ती आपली आपण निघाली होती, कुणी न बोलावता, इतक्या वर्षांच्या सवयीनं. त्यानं घाईघाईनं तळहात तोंडावर दाबून धरला. ओठ हाताखाली उष्ण होता आणि किंचित थरथरत होता, एखादा लहान प्राणी मुठीत धरावा तसा.

मेव्हण्यानं बघितलं. “काय झालं भावजी? दात दुखतोय?”

“हो,” तो हाताआडून म्हणाला.

बायकोनं मान वळवली, त्याच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत. “कधीपासून?”

“फार जुना आहे,” तो म्हणाला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.